सुरेखाताईंचं शेड्यूल

जिममध्ये मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न वजन कमी करण्याचा नाही आणि पोट आत घेण्याचाही नाही. तो प्रश्न असतो, "सर, माझं शेड्यूल कधी बदलायचं?" शेड्यूल म्हणजे कुठल्या दिवशी कुठला व्यायाम, किती वजन, किती वेळा, याची आम्ही ठरवून दिलेली मांडणी. भोसरीत एमआयडीसीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची जिम आहे. शेजारी साचे बनवणारी टूलरूम आहे. त्यांची प्रेस सुरू झाली की आमच्या आरशांना कापरं भरतं. तिथे गेली वीसेक वर्षं मी लोकांकडून लोखंड उचलून घेतोय. या अंकाच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा साधी होती. या प्रश्नाचं उत्तर एकदाचं लिहून टाका, म्हणजे वाचकांना उपयोग होईल. मी कागद घेऊन बसलो आणि अख्खी दुपार गेली. मला उत्तर येत नाही असं नाही. मला तीन-चार उत्तरं येतात आणि ती आपसात भांडतात.

पुस्तकी भाग सोपा आहे. शरीराला एखादं वजन उचलायला दिलं की सुरुवातीला ते कुरकुरतं, मग शिकतं, आणि नंतर त्याला त्यात काही विशेष वाटेनासं होतं. मग थोडं वजन वाढवायचं. असं करत करत एक दिवस येतो की वजन वाढतच नाही. आठवडेच्या आठवडे गाडी तिथेच. तेव्हा शेड्यूल बदलायचं. पण थांबलेलं शरीर कधी सरावलेलं असतं, कधी दमलेलं असतं, आणि कधी नुसतंच थांबलेलं असतं, चार दिवसांनी आपलं आपण चालू लागणार असतं. सरावलेल्याला बदल हवा, दमलेल्याला आराम हवा, तिसऱ्याला काहीच नको. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात. इथे माझी पंचाईत सुरू होते.

हिंजवडीला कामाला जाणारा एक पोरगा आमच्याकडे होता. दर सोमवारी मोबाईलवर नवं शेड्यूल घेऊन यायचा. "सर, मसल्सना शॉक द्यायचा असतो." त्याच्या स्नायूंना शॉक बसला की नाही माहीत नाही, मला मात्र दर सोमवारी बसायचा. आणि मोशीचे एक अण्णा आहेत, शेतकरी, त्यांच्या अर्ध्या जमिनीवर आता गोडाऊन उभं राहिलंय. ते जिम सुरू झाल्यापासून तेच पाच व्यायाम, त्याच क्रमानं करतात. मी एकदा कर्तव्य म्हणून त्यांचं शेड्यूल बदललं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत आपले तेच पाच सुरू केले. "मास्तर, तुमचं चालू द्या, माझं चालू द्या," म्हणाले. नियमानं बघितलं तर दोघंही चुकीचे. पण पोराचे दंड चांगले भरले होते आणि अण्णा सत्तरीत खताचं पोतं खांद्यावर घेऊन टेम्पोत चढवतात. मी यातून काय शिकायचं?

पण मला सांगायचंय ते सुरेखाताईंबद्दल.

दुपारी आमच्याकडे बायकांची बॅच असते. एकदा त्या वेळेला चाळिशी ओलांडलेली एक बाई साडीत आली. दारातच चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या पायात. तरी काढल्याच. आत येऊन तिनं सगळ्या मशिनींवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "मला डोले-बिले न्हाई करायचे. माणूस उचलायचा हाय. त्याला काय करावं लागंल?"

"कुठला माणूस?" मी विचारलं. माझ्या मनात भलतंच आलं होतं.

"आमचे हे," ती म्हणाली. "नव्वदीच्या पुढं वजन हाय त्यांचं."

तिचे यजमान बाळासाहेब. मूळचे दोघं चाकणच्या पुढच्या एका गावातले, पण बाळासाहेब कंपनीत लागल्यावर भोसरीत राहायला आले. ते पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या खात्यात होते. एके सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना बूट घालायला बसले ते उठलेच नाहीत. लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. बोलणं पुढे थोडं थोडं परत आलं. पण इतक्या मोठ्या देहाच्या माणसाला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोरीपर्यंत न्यायचं कसं, हा रोजचा प्रश्न होता.

"शेजारचे भाऊ येत्यात मदतीला," सुरेखाताई म्हणाल्या. "मानूस चांगला हाय. पन त्यांची शिफ्ट बदलती, ह्यांची लघवी थोडीच शिफ्ट बघून येती? आन दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकताना हे तोंड फिरवत्यात. ते मला बघवत न्हाई."

एकदा त्यांनी एकटीनं उचलायला बघितलं होतं. कंबर धरली आणि चार दिवस दोघंही झोपून होते.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण आरशासाठी येतात. त्यात वाईट काही नाही, माझं घर त्यावरच चालतं. पण असं कामासाठी कोणी आलं की मला हुरूप येतो. मी त्यांना दोन-तीनच गोष्टी दिल्या. बैठका. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार पाठ सरळ ठेवून कमरेपर्यंत उचलायचा. आणि वाळूचं पोतं. लोखंड बिचारं जिथे धराल तिथे राहतं. माणूस तसा राहत नाही, हातात घेतला की भलतीकडेच कलंडतो. वाळूही तशीच. ते पोतं बाकावरून उचलायचं आणि वळून खुर्चीत ठेवायचं.

ताईंची प्रगती बघण्यासारखी होती. सासरी गेलेल्या मुलीची ट्रॅक पँट घालून यायच्या, वर ओढणी. माहेरी गवताचे भारे वाहिलेले होते, त्यामुळे पाठ कशी सरळ ठेवायची हे मला शिकवावं लागलं नाही, फक्त आठवण करून द्यावी लागली. काही महिन्यांनी एका दुपारी त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काल मी एकटीनं बसवलं त्यांना खुर्चीत. शेजारी घरातच होते, तरी न्हाई बोलवलं."

बॅचमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती त्या दिवशी कुठलाही व्यायाम न करता फुगली होती.

आणि मग ताई अडकल्या.

डेडलिफ्टचं वजन एका जागी थांबलं. एक आठवडा, दुसरा आठवडा, पुढेही तेच. बार जमिनीवरून गुडघ्याच्या खालपर्यंत यायचा आणि तिथेच थरथरत राहायचा. मी म्हटलं, शरीर सरावलं. शेड्यूल बदललं. वजन कमी, वेळा जास्त. काही उपयोग नाही. उलट पोतं उचलतानाही त्या अडखळायला लागल्या. मग म्हटलं, दमल्या असतील, घरी दिवसभर उचलाउचल असतेच. एक आठवडा हलका दिला.

"सर, हे हलकं हलकं काय देता मला?" त्या म्हणाल्या. "आमचे हे काय हलके झालेत का?"

झोप विचारली, जेवण विचारलं, घरात काही नवीन टेन्शन आहे का विचारलं. "सगळं हाय तसंच हाय," एवढंच उत्तर. मधेच एका मंगळवारी काही कारण नसताना त्यांनी तोच बार सहज उचलला. मला वाटलं, सुटली गाडी. गुरुवारी परत गुडघ्याखाली थरथर. मी जुनं शेड्यूल परत लावलं, परत काढलं. इतक्या वर्षांत मी असा गोंधळलो नव्हतो. आणि मला मनातून भीती होती की या बाईची ताकद एखाद्या दिवशी घरी कमी पडली, तर नवऱ्याला बारसारखं खाली ठेवून देता येणार नाही.

शेवटी मीच म्हटलं, मला एकदा घरी बघू द्या, तुम्ही नेमकं कसं उचलता. रविवारी सकाळी गेलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खाटेशेजारी खिडकी. बाळासाहेब उशाला टेकून बसले होते. खरंच मोठा माणूस. डावा हात उचलून त्यांनी मला नमस्कार केला.

"दाखवा," मी म्हटलं.

ताईंनी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, पाय जमिनीवर टेकवले, काखेखालून हात घातले, गुडघे वाकवले. पाठ एकदम सरळ. मी शिकवलेलं सगळं होतं, काही जास्तच चांगलं होतं. "एक, दोन," आणि त्यांनी बाळासाहेबांना उचलून वळवून खुर्चीत ठेवलं. श्वाससुद्धा फारसा वाढला नाही.

माझ्या मनात पहिल्यांदा अभिमान आला. नंतर वाटलं, काहीतरी खटकतंय. मी परत करून दाखवायला सांगितलं आणि या वेळी ताईंकडे न बघता बाळासाहेबांच्या पायांकडे बघितलं. "एक" म्हणताच त्यांची डावी मांडी घट्ट झाली. उजव्या पायाची बोटं जमीन चाचपायला लागली. टाच दाबली गेली. तेवढ्यात "दोन" झालं आणि दोन्ही पाय हवेत.

खुर्चीत बसल्यावर बाळासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द त्यांना शोधून आणावा लागत होता.

"मास्तर. हिला. सांगा."

"काय सांगू?"

"थांब. म्हणून."

ताई तिथेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "काय कमी केलं का मी?" त्या नवऱ्याला नाही, मला विचारत होत्या. "थांबले आन पडले म्हंजी? मग कोन उचलनार?"

मी म्हटलं, बघू.

त्यांच्याकडे दवाखान्यातून फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, पायात जोर परत येतोय, त्यांना स्वतः उठायचा प्रयत्न करू द्यायला पाहिजे. मी विचारलं, मग ताईंनी कधी धरायचं आणि कधी सोडायचं? त्या म्हणाल्या, "ते मी फोनवर कसं सांगू? रोज बदलणार ते. ताई तिथे असतात, त्यांनाच अंदाज येईल."

घरी जाताना मी विचार करत होतो. बाळासाहेब पायांनी थोडा भार घ्यायला लागले म्हणून ताईंच्या अंगावर पूर्वीएवढं ओझं पडत नव्हतं, म्हणून ताकद वाढायची थांबली, असं असेल का? की ते स्वतः उठायला बघत होते आणि ही त्याआधीच ओढत होती, त्या ओढाताणीत ती जास्तच दमत होती? दोन्ही पटत होतं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. अजूनही मला माहीत नाही.

पण शेड्यूल बदलायला पाहिजे हे पहिल्यांदाच स्पष्ट होतं. फक्त कशात बदलायचं ते कळत नव्हतं. लोकांना जास्त उचलायला शिकवणं हा माझा धंदा. कमी उचलायला कसं शिकवतात?

मी जमेल ते केलं. बार वर नेऊन अगदी सावकाश खाली आणायचा. पोतं अर्धवट उचलून तसंच धरून ठेवायचं. आणि एक प्रकार मी स्वतःच काढला. मी बाकावर बसायचो आणि बाळासाहेबांसारखा हळूहळू, डळमळत उठायचो. ताईंनी समोर उभं राहायचं, हात माझ्या काखेजवळ, पण लावायचे नाहीत. मी खरंच पडायला लागलो तरच धरायचं.

मी बाकावरून जरा वर झालो की ताई मला पकडून उभं करायच्या. परत बसलो, परत तेच. बॅचमधल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "ताई, सरांना पळवून नेताय का काय?" ताई मात्र हसल्या नाहीत. आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "ऐकतच न्हाईत हो हे."

पंधरा-वीस दिवस हे चाललं. वजन उचलताना मी त्यांना कधी घामाघूम झालेलं बघितलं नव्हतं, पण रिकाम्या हातांनी उभं राहताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. हळूहळू हात थांबायला लागले. घरीही बाळासाहेब खाटेला धरून अर्धवट उठतात, त्या जवळ उभ्या राहतात, असं सांगायच्या. सांगताना आनंद दिसायचा नाही. उन्हातान्हात पोर लांब खेळायला गेल्यावर आईचा असतो तसा चेहरा असायचा.

मग त्या यायच्या बंद झाल्या.

दोन दिवस मी वाट बघितली. फोन केला, उचलला नाही. चौथ्या दिवशी बॅचमधल्या एकीनं सांगितलं, "बाळासाहेब पडले घरात. मनगटाला लागलंय."

घरी जावं तर काय तोंडानं जायचं. मी बदल लवकर केला होता का? अजून महिनाभर थांबायला हवं होतं का? की लवकर-उशिराचा प्रश्नच नव्हता आणि उठायला लागलेला माणूस कधीतरी पडणारच? मी शेडमध्ये दुसऱ्यांची वजनं मोजून देत होतो आणि मनात तेच फिरत होतं. त्या आठवड्यात कुणी "सर, शेड्यूल बदलू का?" असं विचारलं की मी म्हणायचो, "तुम्हाला काय वाटतं?" लोक चक्रावून बघायचे.

ताई आल्या त्या पुढच्या आठवड्यात. चपला दारात काढल्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "मनगट मुरगळलंय, मोडलं न्हाई. बरे हायेत."

"कसे पडले?"

"मी हात लावला न्हाई म्हणून. तुमी शिकवलं तसं." हे त्यांनी रागानं म्हटलं की नुसतं घडलेलं सांगितलं, ते मला ओळखता आलं नाही. "खाटेवरनं उठले, एकटे, पूर्ण उभे ऱ्हायले. मी बघतच बसले. एवढे उंच हायेत ते मी इसरूनच गेलते. आन मग उजवीकडं गेले."

"मग शेजाऱ्यांना बोलावलंत?"

"न्हाई. सुचलंच न्हाई. उचलून ठिवले खाटेवर."

"जमिनीवरून?"

"मग काय, पडलेला माणूस जमिनीवरच असतो की."

मी हिशेब करत राहिलो. खाटेवरून उचलणं वेगळं आणि जमिनीवरून वेगळं, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. जो बार त्यांच्या गुडघ्याखाली महिना-दीड महिना अडकला होता, त्यापेक्षा बाळासाहेब बरेच जड. धांदलीत माणूस जास्त उचलतो हे मला माहीत आहे. पण म्हणजे ताई अडकल्याच नव्हत्या का? मग मी एवढं बदलत काय होतो?

"आता काय द्यायचं तुम्हाला?" मी विचारलं. हा प्रश्न मी कुठल्याही मेंबरला तोपर्यंत मनापासून विचारला नव्हता.

त्यांनी ओढणी कमरेला खोचली. "जड पन द्या आन ते हात आवरायचं बी द्या. ते म्हनत्यात, परत उठनार. पडले तर उचलता येतं एवढं कळलं, म्हणून जवळ उभं ऱ्हायची भीती जरा कमी झाली."

मी दोन्ही दिलं. एकाच वेळी दोन दिशांनी जाणारं असं शेड्यूल कुठल्याही पुस्तकात बसत नाही. बार पुढे सरकला का? थोडा सरकला, मग थांबला. मी त्याकडे बघायचंच सोडून दिलं.

परवाची गोष्ट. सकाळी मी स्कूटरवरून जिमला निघालो होतो. भोसरीच्या स्टॉपला राजगुरुनगरकडे जाणारी बस उभी होती आणि दाराशी गर्दी अडली होती. बघतो तर बाळासाहेब. पांढरा शर्ट, डाव्या हातानं बसचा दांडा धरलेला, डावा पाय पायरीवर. थोडे बारीक झाले होते, पण अजूनही मोठेच. मागे सुरेखाताई नवी साडी नेसून, खांद्याला पिशवी. गावाला लग्न होतं म्हणे, ते मला नंतर कळलं.

उजवा पाय पायरीवर येत नव्हता. बूट पायरीच्या कडेला अडकून परत खाली जायचा.

"ओ ताई, धरा की त्यांना," आतून कंडक्टर म्हणाला. "लोक खोळंबलेत."

ताईंचे दोन्ही हात बाळासाहेबांच्या कमरेजवळ होते, पण लागलेले नव्हते. मागचा एक जण म्हणाला, "मावशी, सरका, मी देतो ढकलून." ताई सरकल्या नाहीत. बाळासाहेबांचा दांड्यावरचा हात थरथरायला लागला. गुडघ्याखाली अडकलेला बार जसा थरथरतो तसा. मी इतक्या वर्षांत हजारदा बघितलेली ती थरथर आहे, आणि तिच्यानंतर बार वर जाणार की खाली येणार हे मला कधीच आधी सांगता आलेलं नाही.

मी स्कूटर तशीच स्टँडला लावून धावलो. गर्दीतून वाट काढत पोचलो आणि माझे हात पुढे गेले.

ताईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "थांबा."

मी थांबलो. बाळासाहेबांचा उजवा बूट परत एकदा वर यायला लागला.